भिंतीवरचे काळे ठिपके: बुरशी काढण्याआधी पाण्याचा पत्ता शोधा

गणपतीच्या आधीची साफसफाई काढली आणि आम्ही दोघांनी बेडरूममधलं कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं. मागची भिंत कमरेपर्यंत काळ्या-हिरव्या ठिपक्यांनी भरली होती. कपाटाची मागची प्लाय हाताला ओल्या पापडासारखी लागली. खालच्या कप्प्यात आईची पैठणी मलमलीत गुंडाळून ठेवलेली. मलमलीवर राखाडी बुरा आणि आत पदराच्या घडीवर रुपयाएवढा पिवळट डाग. आई काही बोलली नाही, फक्त पदर उन्हाच्या दिशेने धरून बघत राहिली. ऊन नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी पाठीवर पंप घेऊन एक माणूस आला. वीस मिनिटं फवारा, दोन दिवस औषधाचा वास आणि वर्षभराच्या गॅरंटीचं कार्ड. दिवाळीपर्यंत भिंत खरंच कोरडी ठणठणीत झाली. आम्ही खूश. पुढच्या जुलैत कपाट पुन्हा ओढलं तर ठिपके तिथेच, त्याच आकारात. मग डोक्यात प्रकाश पडला: भिंत वाळवली होती ऑक्टोबरच्या उन्हाने, बिल मात्र आम्ही फवाऱ्याचं भरलं होतं. आपल्याकडे बुरशीचा इलाज म्हणून खपणाऱ्या निम्म्या गोष्टींचं यश असंच असतं. पावसाळा संपतो आणि इलाज लागू पडतो.

बुरशीला काय लागतं

बुरशी बाहेरून येते असं आपण म्हणतो, पण ती घरात आधीपासूनच असते. तिचे बीजाणू हवेत कायम तरंगत असतात, तुमच्या घरात, माझ्या घरात, दवाखान्यातसुद्धा. नेहमी आढळणाऱ्या बऱ्याच बुरश्यांचा बीजाणू दोन ते पाच मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड धरला, तर त्याच्या जाडीत असे वीस-तीस बीजाणू शेजारी-शेजारी सहज मावतील. खिडक्या बंद करून त्यांना रोखता येत नाही.

रुजायला त्यांना तीन गोष्टी लागतात. एक खाद्य: धूळ, रंगातला चिकट पदार्थ, वॉलपेपरची खळ, प्लाय, पुठ्ठा, चामड्याची पर्स. दुसरी ऊब, ती मुंबई-कोकणात बाराही महिने आहे. तिसरी ओल. पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात नाहीत, त्यामुळे सगळा खेळ तिसरीवर. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळली नाही तर बुरशी धरायला लागते, हा जगभर मानला जाणारा ढोबळ हिशेब आहे. आणि भिंतीवरून पाण्याचे ओघळ यायलाच हवेत असंही नाही. भिंतीला चिकटलेल्या हवेच्या पातळ थरात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर काही दिवस टिकली तरी पुरतं. खोलीच्या मधोमध लटकवलेलं आर्द्रतामापक ७० दाखवत असेल आणि त्याच वेळी कपाटामागे ९० असेल. बुरशी नेहमी कोपऱ्यात, पडद्याआड, गादीखाली सापडते ती यामुळे. तिथे पंख्याची हवा पोचत नाही.

एक गैरसमज इथेच दूर करू. भिंतीवरची प्रत्येक पांढरी लव बुरशी नसते. विटा आणि सिमेंटमधले क्षार ओलीबरोबर बाहेर येतात आणि पृष्ठभागावर फुलतात; गवंडी म्हणतात, मीठ फुटलं. चिमटीत चुरडलं तर क्षाराची कोरडी पूड होते, थेंबभर पाण्यात तो विरघळतो. बुरशी विरघळत नाही, बोटाला फासली जाते. मिठाला बुरशीचं औषध मारून उपयोग नाही. पण मीठ फुटलंय म्हणजे भिंतीतून पाणी फिरतंय, ही खबर मात्र पक्की.

पाणी नेमकं कुठून येतंय

खरा कारागीर आणि नुसता फवारणीवाला यांच्यातला फरक इथे कळतो. डागाची जागाच बरंच काही सांगते. तळमजल्यावर जमिनीपासून वर चढत गेलेली आणि साधारण तीन फुटांवर थांबलेली ओल जमिनीतून आलेली असते. दिव्याची वात तेल ओढते तशी वीट पाणी ओढते. खिडकीच्या खालच्या दोन कोपऱ्यांत डाग असेल तर चौकटीचा सांधा फुटलाय, किंवा खिडकीच्या कठड्याचा उतार बाहेरऐवजी आत आहे. वरच्या मजल्यावर छताच्या कडेने पिवळी रेघ असेल तर गच्ची आणि कठडा यांच्या सांध्यातला वाटा, म्हणजे तिथे केलेली सिमेंटची गोलाई, तडकलाय. बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीवर, नळाच्या उंचीला फुगवटा असेल तर आतला पाइप किंवा फरशांचे सांधे. पाऊस नसतानाही, मे महिन्यातही डाग ओलाच असेल, तर संशय पाइपवर घ्यावा.

वरच्या मजल्यावरच्यांचं बाथरूम गळतंय की नाही, हा सोसायट्यांमधला सनातन वाद. तो तोंडाने सुटत नाही, पाण्याने सुटतो. नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतली पाणी जायची जाळी, बंद करून वरच्या बाथरूममध्ये दोन-तीन बोटं पाणी भरायचं, त्यात रंग घालायचा आणि दोन-तीन दिवस खाली बघत बसायचं. खाली रंग उतरला तर वाद मिटला, निदान कोणाचं पाणी हा तरी. खर्चाचं म्हणाल तर महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची, बाहेरच्या भिंती आणि मुख्य पाइप यांच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीने करायची. संडास-बाथरूम-मोरीतून होणारी आतली गळती ज्याच्या घरातली, त्याने.

आमच्या भिंतीचं मात्र यातल्या कशातच बसत नव्हतं. वर गळती नाही, पलीकडे बाथरूम नाही, बाहेरची भिंतही नाही. वॉटरप्रूफिंगवाल्याने छातीठोकपणे सांगितलं की आतून वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारू. सुदैवाने त्याच आठवड्यात सोसायटीच्या कामावर आलेल्या एका वयस्कर गवंड्याला मी सहज वर बोलावलं. तो सकाळी सातला आला, काही न बोलता भिंतीवर तळवा ठेवला, मग तसाच शेजारच्या खोलीत जाऊन त्याच भिंतीच्या दुसऱ्या बाजूला ठेवला. तिथे मुलाचा एसी रात्रभर वीसवर चालू होता.

“ही भिंत गळत नाही साहेब,” तो म्हणाला, “हिला घाम येतोय.”

फ्रिजमधलं पाणी तांब्यात ओतलं की तांब्या बाहेरून ओला होतो, तोच प्रकार. हवेचं तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, मुंबई-ठाण्यात जुलैची ही साधी गोष्ट आहे, तर त्या हवेतलं पाणी साधारण २६ अंशांपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव होऊन बसतं. मुलाच्या खोलीत वीस अंश. मधली भिंत जेमतेम साडेचार इंची विटेची. आमच्या बाजूला खिडकी सताड उघडी, पावसाळी हवा आत. त्यात भिंतीला चिकटून कपाट, त्यामुळे आमच्या खोलीची ऊब त्या भिंतीपर्यंत पोचतच नव्हती. आणि खरं तर दव पडण्याचीही वाट बघावी लागत नाही. इतकी दमट हवा भिंतीशी दोन-तीन अंशांनी जरी निवली, तरी आर्द्रता ९०च्या घरात जाते. बुरशीला सणासुदीचं जेवण.

अशा भिंतीला आतून वॉटरप्रूफ रंग दिला असता तर त्या रंगावर घाम आला असता, बाकी काही बदललं नसतं. आणि भिंत खरोखर बाहेरून ओलावलेली असेल तेव्हा तर आतून रंगाचा प्लास्टिकसारखा पापुद्रा चढवणं आणखी वाईट. आतलं पाणी वाट शोधतं, रंगाला फुगे येतात आणि वर्षभरात पोपडे गळायला लागतात. गळती थांबवायची असते ती पाणी जिथून शिरतं त्या बाजूने.

गवंड्याचा तळवा सगळ्यांकडे नसतो. घरच्या घरी करण्यासारखी एक परीक्षा आहे. हातभर लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. पाणी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला जमलं तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला जमलं तर हवेतून. व्यावसायिक लोक हेच ओल मोजायच्या यंत्राने करतात, वेगवेगळ्या उंचीवर आकडे घेऊन भिंतीवर पेन्सिलीने लिहितात. काही जण उष्णता दाखवणारा कॅमेरा आणतात. कॅमेरा भारी दिसतो, पण त्याला पाणी दिसत नाही, थंड जागा दिसते. ती जागा ओली आहे की नुसतीच थंड, हे शेवटी मोजूनच ठरवावं लागतं.

काढायची म्हणजे नेमकं काय करायचं

ओलीचं कारण बंद झाल्यावर मग सफाई. या धंद्याचा एक नियम लक्षात ठेवला तर निम्मे पैसे वाचतील: बुरशी मारायची नसते, उचलून घराबाहेर न्यायची असते. मेलेल्या बुरशीच्या कणांनीही शिंका, खोकला आणि दम्याचा त्रास होऊ शकतो. अमेरिकेत या कामासाठी आयआयसीआरसी या संस्थेचं एस ५२० नावाचं मानक वापरतात. त्याचा भर प्रत्यक्ष काढून टाकण्यावर आहे. रसायन फवारणं हा त्याला पर्याय धरलेला नाही. तिथली पर्यावरण संस्था ईपीएसुद्धा बुरशीसाठी सरसकट ब्लीच वापरा असं सांगत नाही.

ब्लीचची गोष्ट थोडी समजून घेण्यासारखी आहे, कारण ब्लीचिंग पावडरवर आपला फार विश्वास. गुळगुळीत टाइलवर ब्लीच चांगलं काम करतं. प्लास्टर आणि लाकूड मात्र स्पंजासारखं असतं. त्यावर ब्लीच मारलं की रंग उडतो, भिंत पांढरी दिसते, मन शांत होतं. बुरशीचे धागे आत राहतात आणि ब्लीचमधलं पाणी त्यांना वर मिळतं. आणि एक गोष्ट जीव जाईल अशी: ब्लीच आणि संडास साफ करायचं अॅसिड कधीही एकत्र करू नका. क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो माणसाला आडवा करतो.

मग नीट काम कसं दिसतं? तीन बाय तीन फुटांपेक्षा लहान डाग असेल, म्हणजे सुमारे दहा चौरस फुटांच्या आत, तर ईपीएच्या हिशेबाने घरच्या घरी करता येतो. एन-९५ मास्क, हातमोजे, चष्मा. पंखा बंद, खोलीचं दार बंद. कोरड्या ब्रशने खरवडणं ही सगळ्यात मोठी चूक, कारण एका भिंतीवरचे बीजाणू सगळ्या घरात जातात. आधी भिंतीवर साबणाच्या पाण्याचा हलका फवारा, मग ओल्या फडक्याने पुसणं, फडकं पिशवीत बांधून बाहेर. पुट्टी फुगली असेल तर ओली करून ती खरवडून काढायची, खालचं प्लास्टर पूर्ण वाळू द्यायचं.

त्यापेक्षा मोठं काम असेल, किंवा घरात दम्याचा रुग्ण, तान्हं बाळ, किमोथेरपी चालू असलेलं कोणी असेल, तर जाणकार माणूस बोलवावा. तो आल्यावर पहिल्या तासात औषध उघडत नाही. तो खोलीच्या दाराला जमिनीपासून छतापर्यंत जाड प्लास्टिकचा पडदा लावतो. मग खिडकीत एक यंत्र बसवतो, जे खोलीतली हवा ओढून गाळून बाहेर फेकतं. त्यामुळे खोलीतला दाब किंचित कमी होतो, पडदा आतल्या बाजूला फुगतो आणि हवा घरातून खोलीत जाते, खोलीतून घरात येत नाही. पडदा कुठल्या बाजूला फुगलाय हे बघायला शिकलात तर काम बरोबर चाललंय की नाही हे बाहेर बसून कळेल. त्याचा व्हॅक्यूम क्लीनर हेपा फिल्टरचा असतो. हा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कणही ९९.९७ टक्के अडवतो. घरातला साधा व्हॅक्यूम पुढून बुरशी ओढतो आणि बरेचसे बारीक कण मागून सोडतो.

भिजून बुरसटलेली जिप्समची फॉल्स सीलिंग, फुगलेली प्लाय, कापसाची गादी वाचत नाहीत. वाईट वाटतं, पण ती जातातच. काच, स्टील, टाइल, भरीव सागवान पुसून वाचतं. पुस्तकं आणि साड्या मधल्या यादीत. पैठणी आम्ही आधी ब्रशने न झटकता सावलीत वाळवली, मग रेशीम हाताळणाऱ्या ड्रायक्लीनरकडे दिली. डाग फिकट झाला, गेला नाही.

शेवटी वाळवणं. ओल शोषणारं यंत्र बंद खोलीत चालवून, भिंत पुन्हा मोजून, आकडे घरातल्या कोरड्या भिंतीइतके आल्यावरच रंग. पुराच्या घरांत इथेच घाई होते. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा, किंवा २०२१ च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा, लोकांना दिवाळीपर्यंत घर देखणं करायचं असणारच. पण भिजलेलं विटांचं बांधकाम वाळायला इंचाला महिना हा ढोबळ हिशेब धरला जातो. जुलैत छातीपर्यंत भिजलेली नऊ इंची भिंत दिवाळीला वरून कोरडी असते, पोटात ओली.

पैसे देण्याआधी येणाऱ्या माणसाला एकच प्रश्न विचारा: पाणी कुठून येतंय असं तुम्हाला वाटतं? उत्तराची सुरुवात औषधाच्या नावाने झाली, तर चहा पाजून निरोप द्या. हवेतल्या बीजाणूंची महागडी तपासणी कोणी गळ्यात मारत असेल तरीही. किती बीजाणू असले तर सुरक्षित, याची सर्वमान्य मर्यादाच ठरलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातल्या ओल-बुरशीवर मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही आकडा दिलेला नाही. ओल होऊ देऊ नका, झाली तर काढा, एवढंच आहे.

घाबरायचं किती

२०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसला सगळे “काळी बुरशी” म्हणायला लागले आणि घरोघरी बाथरूमच्या काळ्या डागांकडे लोक संशयाने बघू लागले. तो आजार वेगळ्याच गटातल्या बुरशीचा. तो झाला तो मुख्यतः अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडमुळे प्रतिकारशक्ती ढासळलेल्यांना. भिंतीवरचे काळे ठिपके बहुतेक वेळा दुसऱ्याच बुरशांचे असतात, आणि रंगावरून घातक की साधी हे ठरतही नाही.

याचा अर्थ दुर्लक्ष करावं असा नाही. शिंका, सतत वाहणारं नाक, दमा बळावणं हे नेहमीचे त्रास. इंग्लंडमध्ये रॉचडेलला डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचा मुलगा गेला. बुरसटलेल्या घरात दीर्घकाळ राहिल्यामुळे, असं चौकशीत ठरलं. त्यातून तिथे कायदा आला आणि सामाजिक गृहनिर्माणातल्या घरमालकांना ठराविक मुदतीत ओल-बुरशीची दखल घेणं बंधनकारक झालं. आपल्याकडे भाड्याच्या घरात बुरशीची तक्रार केली तर “पावसाळ्यात होतंच हो” हे उत्तर मिळतं.

पुन्हा होऊ नये म्हणून

“खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळू द्या” हा सल्ला थंड, कोरड्या देशांतून आलाय. तिथे हिवाळ्यात बाहेरची हवा कोरडी असते. जुलैत कोकणपट्टीत बाहेरची हवा घरातल्यापेक्षा दमट असण्याचीच शक्यता जास्त. खिडकी उघडून तुम्ही पाणी आत घेता. अंघोळीची आणि शेगडीची वाफ एक्झॉस्टने बाहेर काढा, आत पंखा फिरता ठेवा, आणि एसी असेल तर २५-२६ वर. एका खोलीत एसी आणि शेजारच्या खोलीत उघडी खिडकी, ही जोडी टाळा.

दुसरी मोठी गुन्हेगार म्हणजे घरात घातलेली कपड्यांची दोरी. मशीनमधून काढलेले कपडे एकदा वजनकाट्यावर ठेवा आणि वाळल्यावर पुन्हा ठेवा. फरक येईल तेवढं पाणी तुमच्या भिंतींनी, गाद्यांनी आणि पुस्तकांनी वाटून घेतलेलं असतं. रोज.

कोकणातल्या जुन्या घरांना ही अक्कल होती. आगोटीच्या, म्हणजे पावसाळा लागण्याच्या आधी पावसाच्या बाजूला नारळाच्या झापांच्या झडी बांधायच्या, छपराची पाखी खाली ओढलेली, भोवती पडवी. भिंतीला चुन्याचा गिलावा. चुना इतका अल्कधर्मी की बुरशीला ताजा चुना मानवत नाही, आणि ओल त्यातून बाहेरही पडते. आत दिवसभर चूल. आपण चुना काढून इमल्शन लावलं, चूल काढून एसी बसवला आणि भिंत मात्र साडेचार इंचांची केली.

आमच्या घरी आता मुलाचा एसी सव्वीसवर असतो, त्यावरून अधूनमधून भांडण होतं. कपाटावर एक आर्द्रतामापक आहे. पासष्टच्या वर गेलं की ओल शोषणारं यंत्र लावतो आणि सकाळी त्याची भरलेली टाकी झाडांना घालतो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे आहे. दोन पावसाळे झाले, मागची भिंत पांढरी आहे. फक्त त्या फटीत वस्तू पडतात. सध्या आईचा वाचायचा चष्मा आत आहे, आणि तो फूटपट्टीने निघत नाहीये.